लोणारच्या चिखलातले चिलखत

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष बुलढाणा जिल्ह्याकडे वळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. तो रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा निघाला. त्या गाजावाजात सरोवराचे दुसरे रहिवासी मागे राहिले. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाणी बाहेर जात नाही. ते आटते, क्षार मागे उरतात आणि सामू दहाच्या आसपास असतो. याच संस्थेच्या संशोधकांनी तिथून बॅसिलस वंशाचे जिवाणूही वेगळे केले आहेत. या वंशाचे वैशिष्ट्य म्हणजे बीजाणू, म्हणजे जिवाणूचे सुप्त, टणक रूप.

तिथले अल्कधर्मी पाणी या जिवाणूंची पेशी बीजाणू न बनताही पेलते. बीजाणू तयार होतो तो मुख्यतः उपासमारीत. बॅसिलस सबटिलिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या जिवाणूत हे सर्वांत बारकाईने पाहिले गेले आहे. पेशी दोन असमान भागांत विभागते, मोठा भाग धाकट्याला पोटात घेतो आणि त्याच्याभोवती थर चढवू लागतो. आत साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची जाड साल, तिच्यावर सत्तरहून अधिक प्रकारच्या प्रथिनांचे कवच. काही तासांत काम पुरे होते, मग मातृपेशी फुटते आणि बीजाणू मोकळा होतो. ज्या कवचाचा तिला स्वतःला काडीचाही उपयोग नाही, ते विणण्यात तिचे शेवटचे तास जातात. जीवशास्त्रात याहून थक्क करणारे थोडेच असेल.

उकळत्या पाण्यातही बीजाणू टिकतो याचे श्रेय सर्रास या कवचाला दिले जाते. ते बरोबर नाही. उष्णता सोसण्याचे बळ मुख्यतः गाभ्याच्या कोरडेपणात आहे: तिथे पाणी फार कमी आणि डायपिकोलिनिक आम्लाचे कॅल्शियम क्षार भरपूर. म्हणून तर शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांच्या दाबयुक्त वाफेत ठेवावी लागतात. कवचाचे काम वेगळे आहे. ते चाळणीसारखे वागते. अंड्याच्या पांढऱ्या भागात आणि आपल्या अश्रूंत असलेले लायसोझाइम आतली साल विरघळवू शकते, पण त्याचा रेणू मोठा असल्याने बाहेरच अडतो. अ‍ॅलानिनसारखा छोटा पोषक रेणू मात्र आत शिरतो आणि दिवस पालटल्याची वर्दी देतो. ब्लीचसारखी रसायनेही कवच बऱ्याच अंशी निष्प्रभ करते. टेट्राहायमेना या एकपेशीय भक्षकाने गिळलेले धड बीजाणू जिवंत बाहेर पडतात, कवचात दोष असलेले पचून जातात, हेही प्रयोगांत दिसले आहे.

हे चिलखत सरोवरापुरते नाही. फऱ्या, म्हणजे एकटांग्या, हा जनावरांचा रोग ज्या क्लॉस्ट्रिडियम जिवाणूमुळे होतो, त्याचेही बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणून फऱ्याने दगावलेले जनावर सोलू नये, खोल पुरावे. चराईची जमीन धुऊन काढणे कोणालाच शक्य नाही, त्यामुळे खरा भरवसा पावसाळ्यापूर्वीच्या लसीवर. ती कवच फोडायला जात नाही. जनावराच्या शरीरात बीजाणू रुजतो तेव्हा वाढण्यासाठी त्याला ते चिलखत स्वतःच उतरवावे लागते, आणि लसीने सज्ज केलेली प्रतिकारशक्ती जिवाणूला गाठते ती नेमकी त्यानंतर.