हिव भरलं नाही, तरी हिवताप

"लेकरू थरथरून नाही राह्यलं, मंग मलेरिया कसा?" पावसाळ्यात अमरावती-अकोल्याकडच्या आरोग्य केंद्रांत हा प्रश्न नेहमीचा. विचारणाऱ्या आईला वेड्यात काढायचं कारण नाही. तिनं घरातल्या मोठ्या माणसांचा हिवताप पाहिलेला असतो. आधी दातावर दात आपटणारी थंडी, मग फणफणून ताप, मग दरदरून घाम, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. पाच वर्षांखालच्या मुलात हा क्रम बऱ्याचदा दिसतच नाही. ताप दिवसभर रेंगाळतो, लेकरू किरकिरतं, दूध ओढत नाही, ओकतं. कधी जुलाब लागतात, कधी खोकला येतो. मग घरातली बाई म्हणते, "दात येऊन राह्यले." दात येताना अंग जरा कोमट लागू शकतं, पण १०२ चा ताप दातांच्या माथी मारू नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. राज्यातला मलेरिया आज मुख्यतः गडचिरोलीत आणि मुंबईत आहे. वऱ्हाडात तापलेल्या बहुतेक मुलांना तो नसतो. डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो, न्यूमोनिया असतो, नुसता विषाणूचा तापही असतो. म्हणून "ताप आला ना, मलेरियाच्या गोळ्या देऊन टाका" हेही तितकंच चूक. आजारी लेकरू आईइतकं लवकर कोणी ओळखत नाही, पण मलेरिया हाताच्या स्पर्शानं ओळखू येत नाही, डॉक्टरलाही नाही. तो रक्तात दिसतो. आशाताईकडच्या किटवर बोटाच्या, तान्ह्या बाळाच्या टाचेच्या, एका थेंबात पंधरा-वीस मिनिटांत कळतं, आणि पैसे पडत नाहीत. एकदा 'नाही' आलं आणि ताप हटला नाही, तर पुन्हा तपासायचं. पहिल्या वेळी रक्तात जंतू कमी असले, तर ते निसटतात.

घाई कशाला, असं वाटतं खरं. घरी पॅरासिटॅमॉलचं औषध पाजलं की अंग गार पडतं, पोर खेळायलाही लागतं. त्या औषधानं ताप उतरतो, जंतू मरत नाही. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया लहान मुलात एका दिवसात मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ताप आल्यापासून २४ तासांत तपासणी आणि उपचार व्हावेत, असं आरोग्य खातं सांगतं.

मेंदूला धक्का बसला की झटके येतात, शुद्ध हरपते, आणि घरात शब्द उठतो, "बाहेरचं आहे." मग कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, मेळघाटात भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, धाव. झटका आलेल्या मुलाला कुशीवर निजवावं, तोंडात चमचा-पाणी काही घालू नये आणि १०८ ला फोन लावावा. साध्या तापातही झटका येतो, पण कोणता साधा आणि कोणता घातक हे दवाखान्यातच ठरतं. बाळ दूध घेईना, सगळं ओकतं, जागं करूनही डोळे उघडत नाही, तळहात पांढरे पडले, श्वास धापा टाकत चालला, यातलं एक जरी दिसलं तरी वाट पाहायची नाही.

पोटाचं प्रकरण याहून जुनं आहे. वारंवार मलेरिया झालेल्या मुलाची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागते. एके काळी किती मुलांची पानथरी वाढली आहे हे चाचपूनच गावातल्या मलेरियाचा अंदाज बांधत. मेळघाटात मात्र फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची चाल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी गाजली. दुखणं कोणतंही असो, चटक्यानं पानथरी उतरत नाही आणि वर जखम चिघळते ती वेगळीच. मला एवढंच वाटतं की भुमकाला शिव्या घालून हे थांबत नाही. तो रात्री दोन वाजता गावात असतो, वाहन नसतं. त्यालाच लेकरू दवाखान्यात पाठवायला लावणं हा जास्त शहाणा मार्ग.

वाळूक, काकडी, सीताफळ खाल्लं की हिव येतं, ही समजूत तर घरोघर आहे. ही फळं पिकतात तेव्हाच डबकी भरलेली असतात, एवढाच काय तो संबंध. मलेरिया पसरवते अ‍ॅनोफिलिसची मादी, आणि ती चावते संध्याकाळ ते पहाट. तिला गटारीपेक्षा स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं: नाल्यातली डबकी, विहीर, शहरात गच्चीवरची टाकी. पाणी काही दिवसांआड येतं तिथं घरोघर भरून ठेवलेल्या टाक्यांवर झाकण हवंच.

"गोळ्यांनी काय होतं, सुई लावा, सलाईन लावा," हा आग्रह बोगस डॉक्टरांचा धंदा चालवतो. गुंतागुंत नसलेला मलेरिया तोंडावाटे दिलेल्या गोळ्यांनीच बरा होतो. फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनची जोड असलेलं औषध ३ दिवस. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीला क्लोरोक्वीन ३ दिवस आणि प्रायमाक्वीन १४ दिवस (वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्वीन देत नाहीत). पहिल्या दोन दिवसांत ताप जातो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी डब्यात जातात. तिथंच घोटाळा होतो, कारण व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. कडू गोळी कुस्करून द्यावी. अर्ध्या तासात ओकली तर आशाताईला विचारून पुन्हा द्यावी. अंगावरचं दूध तोडू नये, तापलेल्या मुलाला गोधडीत गुंडाळू नये.

आशाताईला एक गोष्ट आपणहून सांगावी: गेल्या महिन्यात मुक्काम कुठं होता. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. डास चावल्यावर ताप यायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणजे परगावी झालेली लागण गावी आल्यावर उघड होते.