हलका लॅपटॉप, थेट लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी पातळ, हलके लॅपटॉप एका तारखेत कालबाह्य ठरले.

कोल्हापूरला हा निकाल मुकाट्याने पटणारा नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने इथेच चित्रपटाचा कॅमेरा घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि आपल्या कामाला जुंपायचे, ही वृत्ती पुढे इथल्या उद्यमनगरातल्या लेथवरही दिसली. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही संगणकप्रणाली याच वृत्तीची आहे. तिचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो.

हलक्या यंत्राशी लिनक्सचे नातेही जुने. २००७ साली आलेला असुसचा ई पीसी ७ इंची पडद्याचा, किलोभराच्या आतला होता आणि लिनक्सवरच चालत होता.

लिनक्स विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्येही चालते. पण मग ४ जीबी रॅम दोन प्रणालींत वाटली जाते. थेट डिस्कवर बसवले, की सगळी मेमरी आणि बॅटरी एकाच प्रणालीच्या कामी येते.

आधी फायलींचा बॅकअप घ्यावा. मग पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चढवून, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासता येते. वायफाय दिसले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घ्यावे आणि ड्रायव्हर उतरवावा. डिस्कची वाटणी करताना आपल्या फायलींचा ‘होम’ हा भाग वेगळा ठेवला, तर पुढे प्रणाली बदलली तरी फायली जागच्या जागी राहतात. बॅटरी पुरवून वापरण्यासाठी टीएलपी हे साधन बसवावे.

मराठीची अडचण नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून सुरू होतो. रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्ट मोफत मिळतात. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायली सांभाळणाऱ्या छापखान्याने घाई करू नये. ती कामे मुख्यतः विंडोजवर बेतलेली आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी एक संगणक तसाच राखावा.

बाकी लेखन, वाचन, ईमेल, ऑनलाइन अर्ज आणि विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅमिंग जुन्या लॅपटॉपवर निर्वेध चालते, आणि त्याला सुरक्षेची अद्ययावत दुरुस्तीही मिळत राहते. म्हणून शाळांनी, वाचनालयांनी आणि छोट्या कार्यालयांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून पाहावा. यंत्राचे आयुष्य किती, हे ठरवण्याचा पहिला हक्क ते वापरणाऱ्याचा आहे.