लघुसंदेशाची सोबत

कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले तंजावर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी राज्य स्थापन केले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेली मराठी कुटुंबे त्या इतिहासाची साक्ष देतात. आज हे शहर शिक्षणाचेही केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालय, तमिळ विद्यापीठ आणि परिसरातील अभियांत्रिकी शिक्षणसंस्था यांमुळे दूरदूरचे तरुण तेथे येऊन वसतिगृहांत राहतात.

अशाच एका वसतिगृहात महाराष्ट्रातून आलेला एक विद्यार्थी राहत आहे, अशी कल्पना करावी. त्याला तमिळ येत नाही. सोबत्यांच्या आग्रहाने त्याने सिगारेट ओढली, पुढे गांजाही ओढू लागला. आता त्याला हे सारे थांबवायचे आहे. दिवस वर्गात आणि ग्रंथालयात निघून जातो. परंतु रात्री अकरा वाजता खोलीत एकटा असताना तलफ येते. त्या वेळी समुपदेशकाची खोली बंद असते. घरी फोन करून आईवडिलांना हे सांगण्याचे धैर्य होत नाही. हाताशी असतो तो केवळ मोबाइल. लघुसंदेशाद्वारे समुपदेशन करण्याची पद्धत नेमक्या अशा वेळेसाठी निर्माण झाली आहे.

तलफ ही दिवसभर सारख्याच तीव्रतेने टिकत नाही. ती लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. तंबाखूच्या बाबतीत तर ती बहुधा काही मिनिटांतच मंदावू लागते. एखादी जागा, एखादा मित्र, परीक्षेचा ताण किंवा एकटेपणा यांमुळे ती जागी होते. तेवढा अवघड वेळ निभावून नेता आला, तर व्यसन सोडण्याचा निश्चय टिकतो. समुपदेशनाच्या बैठकीत हे सर्व समजावून सांगितलेले असते. पण ऐन वेळी ते आठवतेच असे नाही. लघुसंदेश हीच आठवण योग्य वेळी करून देतो.

या पद्धतीची रचना सोपी आहे. प्रथम नोंदणी होते. कोणता पदार्थ घेतला जातो, किती वेळा घेतला जातो आणि तो सोडण्याचा दिवस कोणता, ही माहिती विचारली जाते. त्या दिवसापूर्वी तयारीचे संदेश येतात आणि सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे संदेशांची संख्या अधिक असते. तलफ आली, तर ठरलेला एक शब्द पाठवायचा. लगेच मदतीचा संदेश परत येतो. निश्चय मोडला, तर त्यासाठी दुसरा शब्द असतो. त्याच्या उत्तरात दोष दिला जात नाही, पुन्हा सुरुवात कशी करावी हे सांगितले जाते.

संदेश लिहिणे मात्र सोपे नाही. साध्या लघुसंदेशाच्या एका भागात इंग्रजीची 160 अक्षरे मावतात. देवनागरी लिपीत ही मर्यादा 70 चिन्हांची आहे आणि मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा हीही चिन्हेच मोजली जातात. ‘तलफ थोड्या वेळाने ओसरते. आता बाहेर ये, पाणी पी, मित्राला फोन कर.’ एवढा मजकूर या मर्यादेत बसतो. धीर, कारण आणि कृती या तीनही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. लांबलचक उपदेशाला तेथे जागाच नसते. शिवाय हा मजकूर मातृभाषेत असेल, तर घरापासून दूर असलेल्या तरुणाला त्यात घरच्या माणसाचा सूर ऐकू येतो.

अशा संदेशांचा खरोखर उपयोग होतो का, याची तपासणी संशोधकांनी केली आहे. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या 5,800 व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या लोकांना समुपदेशनाचे संदेश मिळाले, उरलेल्यांना धूम्रपानाशी संबंध नसलेले साधे संदेश. सहा महिन्यांनंतर लाळेची तपासणी करून खात्री केली, तेव्हा पहिल्या गटातील 10.7 टक्के, तर दुसऱ्या गटातील 4.9 टक्के व्यक्ती धूम्रपानापासून दूर राहिल्याचे आढळले. यश दुपटीहून अधिक होते. तरीही पहिल्या गटातील दहापैकी जवळजवळ नऊ जणांना ते साधले नव्हते, हेही विसरता येत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मद्याचे अतिसेवन करणाऱ्या 765 तरुणांवर असाच अभ्यास झाला. एका गटाला मद्यसेवनाविषयी प्रश्न विचारून त्यांच्या उत्तराला साजेसा प्रतिसाद पाठवला जाई. त्या गटाचे अतिसेवनाचे दिवस कमी झाले. ज्यांना केवळ प्रश्न विचारले आणि प्रतिसाद दिला नाही, त्यांचे अतिसेवन कमी झाले नाही. नुसती चौकशी पुरेशी नसते, आपले बोलणे कोणीतरी ऐकून उत्तर देत आहे ही जाणीव महत्त्वाची असते, असे यातून दिसते. गांजाच्या बाबतीत मात्र असे प्रयोग अजून तुलनेने लहान आहेत.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये तंबाखू सोडण्यासाठी लघुसंदेशांचा उपक्रम सुरू केला. केवळ एक मिस्ड कॉल देऊन त्यात नाव नोंदवता येई. नोंदणी करणाऱ्यांची संख्या पुढे 20 लाखांच्या वर गेली. अशा उपक्रमांची गरज किती मोठी आहे, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. त्यानुसार देशात सुमारे 3.1 कोटी लोक भांग, गांजा यांसारखे पदार्थ घेत होते. आणि मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या वीस व्यक्तींपैकी केवळ एकीलाच काही ना काही उपचार मिळाले होते. इतक्या मोठ्या संख्येला पुरतील एवढे समुपदेशक लवकर तयार होणे कठीण आहे.

तरीही लघुसंदेश हा उपचारकेंद्राला पर्याय ठरू शकत नाही. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये सुरू केलेली संस्था आणि पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभारलेले मुक्तांगण ही केंद्रे माणसांच्या प्रत्यक्ष सहवासातून व्यसनमुक्तीचे काम करत आली आहेत. गर्दसारख्या पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांची आवश्यकता असते. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अशा वेळी मोबाइलवर विसंबून राहणे योग्य नाही. मात्र उपचार घेऊन परतलेला माणूस जुन्याच गल्लीत, जुन्याच मित्रांत जातो, तेव्हा संदेशांची सोबत त्याच्या उपयोगी पडू शकते.

गुप्ततेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वसतिगृहात एकाचा मोबाइल दुसऱ्याच्या हाती सहज जातो. पडद्यावर उमटलेल्या एका ओळीने एखाद्याचे गुपित उघडे पडू शकते. म्हणून संदेशात पदार्थाचे नाव टाळणे, वेळ नोंदणी करणाऱ्यालाच ठरवू देणे आणि संदेश केव्हाही बंद करण्याची मुभा देणे, ही पथ्ये पाळावी लागतात.

तंजावरच्या त्या विद्यार्थ्याजवळ आज आणखीही मार्ग आहेत. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठी, तमिळ यांसह अनेक भारतीय भाषांत रात्रंदिवस बोलता येते. परंतु थेट बोलण्यापूर्वी अनेकांची जीभ अडखळते. लिहिणे त्यांना सोपे वाटते. अंधाऱ्या खोलीत पाठवलेला एक शब्द आणि त्याला आलेले उत्तर यांतून संकोच थोडा कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकाच्या दारापर्यंत जाण्याचे बळ मिळू शकते.