कान टोचणे

कान टोचणे म्हणजे दागिना घालण्यासाठी कानाच्या पाळीला किंवा कानाच्या वरच्या भागातील कूर्चेला कायमचे छिद्र पाडणे होय. संस्कार म्हणून केल्या जाणाऱ्या या विधीस कर्णवेध म्हणतात. महाराष्ट्रात मुलगे आणि मुली या दोघांचेही कान लहानपणी टोचण्याची प्रथा आहे. भुवई, ओठ, बेंबी अशा अन्य अवयवांना छिद्रे पाडण्याच्या आधुनिक प्रकारास ‘बॉडी पिअर्सिंग’ हा शब्द रूढ झाला आहे.

प्रथा

सोळा संस्कारांच्या काही याद्यांत कर्णवेधाचा समावेश होतो. महाराष्ट्रात अनेक घरांत जन्मानंतर बाराव्या दिवशी, तर काही घरांत बाळ काही महिन्यांचे झाल्यावर कान टोचतात. हे काम परंपरेने सोनाराचे. टोकदार केलेली सोन्याची बारीक तारच तो पाळीतून आरपार काढतो आणि तिला वळवून कडी करतो. सोनाराला नारळ, सुपारी व दक्षिणा देण्याची रीत आहे. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण यावरूनच आली. अधिकारी व्यक्तीने सांगितलेली गोष्टच माणसाला पटते, असा तिचा अर्थ आहे.

पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नंतर जन्मलेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नाक टोचून त्याला मुलीसारखी नथ घालीत. नथू हे पुरुषनाम या प्रथेशी जोडले जाते.

सुश्रुतसंहितेतील वर्णन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय या विषयाला वाहिलेला आहे. रक्षण व भूषण ही कान टोचण्याची दोन प्रयोजने तेथे दिली असून त्यासाठी सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे. मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा, असा निर्देश आहे. उन्हात पाहिल्यावर जी जागा निसर्गतःच पातळ दिसते तेथेच वेध घ्यावा, असे ग्रंथ सांगतो. जागा चुकून शिरेला इजा झाल्यास वेदना, सूज व ज्वर होतो, असेही तो बजावतो. फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती याच अध्यायात आहेत.

अलंकार

पाळीत कुडी, बाळी किंवा कर्णफूल घालतात. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घालतात. भिकबाळी हा पुरुषांचा दागिना असून तोही कानाच्या वरच्या भागात घालतात. पेशवेकालीन पुरुषांच्या चित्रांत तो दिसतो. अलीकडे ढोल-ताशा पथकांतील तरुणांमध्ये त्याचा वापर पुन्हा वाढला आहे. जड दागिन्यांच्या भाराने पाळी ओघळते किंवा फाटते. म्हणून दागिन्याला वेल जोडून त्याचे दुसरे टोक केसांत अडकवतात, त्यामुळे काही भार केसांवर जातो.

नाथ संप्रदायातील दर्शनी योगी पाळीऐवजी कानाच्या मध्यभागातील कूर्चा चिरून तेथे मोठी कुंडले घालतात. त्यांना ‘कानफाटे’ म्हणतात. एकदा बदनाम झालेल्या माणसाबद्दलच्या ‘कानफाट्या नाव पडणे’ या वाक्प्रचारात हा शब्द टिकून आहे.

आधुनिक प्रवाह

1970च्या दशकाच्या मध्यास लंडनमधील पंक रॉक संगीताच्या चाहत्यांनी कानानाकात सेफ्टी पिना घालून प्रस्थापितांविरुद्धचा विरोध व्यक्त केला. महाराष्ट्रात मात्र टोचलेला कान हा घराण्याच्या रीतीचा भाग होता. त्यामुळे पाश्चात्त्य संगीताच्या प्रभावाने कान टोचून घेणारा मुलगा आणि बाराव्या दिवशी कान टोचलेले त्याचे आजोबा यांच्या कानांतील छिद्र एकच असले, तरी त्याचा अर्थ वेगळा असतो.

आरोग्य

पाळीत चरबी व भरपूर रक्तपुरवठा असल्याने तेथील जखम साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत भरते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण भोवतालच्या आवरणातून होते. त्यामुळे तेथील जखम भरण्यास अनेक महिने लागतात. स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाल्यास आवरणाखाली पू साचून कूर्चा मरते आणि कान कायमचा आक्रसतो. दुकानांतील स्प्रिंगची बंदूक बोथट कडी जोराने घुसवते, म्हणून ती कूर्चेसाठी अयोग्य मानली जाते. कूर्चेसाठी निर्जंतुक, एकदाच वापरायची पोकळ सुई योग्य ठरते. एकच सुई अनेकांना वापरल्यास हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार धनुर्वाताचा समावेश असलेली पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात दिली जाते. बाराव्या दिवशी टोचलेल्या बाळाला तोवर ही लस मिळालेली नसते. गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीमुळे मिळणारे संरक्षणच त्याच्यापाशी असते. म्हणून अनेक बालरोगतज्ज्ञ सुरुवातीच्या लसी पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा सल्ला देतात. सुश्रुतसंहितेतील सहाव्या-सातव्या महिन्याचा काळ या सल्ल्याशी जुळतो.

निकेलमिश्रित स्वस्त कड्यांमुळे अनेकांना खाज व पुरळ येते. 22 कॅरट सोन्यात 91.6 टक्के सोने असते व उरलेला भाग बहुधा तांबे आणि चांदीचा असतो, त्यामुळे सोन्याच्या तारेने असा त्रास क्वचितच होतो.