विवाहाच्या चालीरीती आणि विवाहसंस्कार

विवाहाची तयारी सुरू झाली की कुटुंबांतून काही प्रश्न हमखास विचारले जातात. ख्रिस्तमंदिरात मंगळसूत्र घालावे काय? रोसाच्या वेळी वधूच्या विधवा मातेने पुढे यावे काय? अशा प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी संस्कार कोणता आणि चालरीत कोणती, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

लॅटिन परंपरेनुसार वधूवरांची परस्परांना दिलेली मुक्त संमती हाच विवाहाचा गाभा होय. धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर ती व्यक्त केली जाते. रोस, हिरवा चुडा, मंगळसूत्र यांवाचून विवाह अपुरा राहत नाही.

तथापि चालीरीती तुच्छ नव्हेत. ट्रेंट परिषदेने १५६३ साली स्थानिक स्तुत्य प्रथा टिकवाव्यात, असे म्हटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात त्याचाच पुनरुच्चार केला. केरळातील संत थोमा ख्रिस्ती समाजात वर वधूच्या गळ्यात क्रूसांकित ‘मिन्नू’ बांधतो. त्याचा दोरा ‘मंत्रकोडी’ या विवाहवस्त्राच्या धाग्यांचा असतो. गोवा व मंगळूर येथे विवाहापूर्वी वधूवरांना नारळाच्या दुधाचे स्नान घालतात, तोच रोस. मुंबई व वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात ‘उंबराचे पाणी’ आणण्यासाठी स्त्रिया वाजतगाजत विहिरीवर जातात.

यासंबंधीचा इतिहास मात्र सरळ नाही. गोव्याच्या धर्मन्यायालयाने १७३६ साली काढलेल्या हुकुमाने वधूवरांना उटणे लावणे, विड्याची पाने व सुपारी पाठवणे अशा अनेक रीतींवर बंदी घातली. तरीही लोकांनी आपल्या परंपरेतील पुष्कळसे जतन केले.

आज प्रश्न वेगळा आहे. अनेक घरांत रोस किंवा तेल लावताना विधवेला दूर ठेवले जाते. जिने एकटीने कष्ट करून लेकीला वाढवले, तिचाच हात अशुभ कसा? विधवांचा सांभाळ हे शुद्ध धर्माचरण होय, असे संत याकोब आपल्या पत्रात सांगतात. ज्या मातेचा आशीर्वाद देव ऐकतो, तिला मांडवात मागे उभे करणे आपल्या श्रद्धेशी सुसंगत नाही. तसेच हुंड्याला परंपरेचे नाव दिल्याने तो पवित्र ठरत नाही. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

म्हणून मंगळसूत्र अवश्य घालावे, त्यावर क्रूस असावा व धर्मगुरूंनी ते आशीर्वादित करावे. रोसही आनंदाने करावा. मात्र प्रत्येक प्रथा स्वीकारताना एकच कसोटी लावावी: या रीतीने प्रेम वाढते की कोणाचा अपमान होतो? आपल्या घरी यंदा विवाह असेल, तर रोसाची पहिली ओंजळ त्या मातेच्या हातून घालावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.