चालत्या जहाजावरून समुद्राचा ताप
जहाज थांबवून खोल पाण्यात उपकरणे सोडायची तर वेळही जातो आणि इंधनही. म्हणून १९६० च्या दशकात एकदाच वापरायचा तापमापक आला, एक्सबीटी. जेमतेम वीतभर लांब. टोकाशी जड धातू आणि तापमान टिपणारा थर्मिस्टर. तो पाण्यात सोडला की केसासारखी बारीक तांब्याची तार दोन रिळांवरून सुटत जाते. एक रीळ त्याच्या पोटात, दुसरे जहाजावर. त्यामुळे जहाज पुढे गेले तरी तारेला ताण बसत नाही. नेहमीच्या एका प्रकारात सुमारे ७६० मीटरपर्यंतची नोंद मिळते. मग तार तुटते आणि तापमापक कायमचा तळाशी.

गंमत म्हणजे खोली तो मोजतच नाही! पडायला लागलेल्या सेकंदांवरून ती काढतात. सूत्र जरा चुकले की सगळी नोंद वरखाली सरकते. जुन्या नोंदी त्यापायी नंतर दुरुस्त कराव्या लागल्या.

चक्रीवादळाच्या वाटेवर जहाज कोण नेणार? तिथे असाच तापमापक विमानातून, हवाई छत्रीला बांधून टाकतात. पाण्यावर तरंगणारा भाग रेडिओने आकडे वर पाठवतो.

हे झाले तापमानाचे; चालत्या जहाजावरून प्रवाह मोजायचे तर जहाजाच्या तळातून ध्वनी सोडतात. वाहत्या प्लवकांवरून परतलेल्या ध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग कळतो, मात्र त्यातून जहाजाचा स्वतःचा वेग वजा करावा लागतो.