मोबदला एकदाच, फायदा कायमचा : मावळच्या पाण्याचा हिशेब

विषय मोठा आहे : सरकारचं आर्थिक धोरण आणि विषमता. पण आपण लोणावळ्यात बसलोय, तेव्हा दिल्लीपासून सुरुवात करायची गरज नाही. वळवण धरणापासून करू.

या धरणाची कोनशिला १९११ साली बसली. टाटांच्या कंपनीने इथलं पाणी अडवलं, घाटाखाली सोडलं आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. एरवी हे पाणी पूर्वेला, भीमेकडे जाणारं. ते पश्चिमेला वळलं. देशाला वीज हवी होती, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की किंमत कोणी मोजली आणि फायदा किती वर्षं कोणाला मिळाला?

पुढे शेजारच्या मुळशी पेट्यात धरण ठरलं, तेव्हा हा प्रश्न उघड झाला. १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. कंपनीसाठीही जमीन घेता येत होती. पण तिथली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली किंवा गहाण पडलेली. सावकाराला रोख रक्कम चालणार होती, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. इथे पहिला मुद्दा लक्षात घ्या : मोबदला कागदावरच्या मालकाला मिळतो, राबणाऱ्याला मिळेलच असं नाही.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. स्वातंत्र्यानंतर पवना धरण झालं. आता सरकार आपलंच होतं. धरणाच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढलं. विस्थापितांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पन्नास वर्षांनंतरही सुटलेला नाही.

समजा, दोन भाऊ आहेत. एकाचं शेत पाण्याखाली गेलं, त्याला त्या वेळच्या भावाने पैसे मिळाले. ते घर, लग्न, आजारपण यांत संपले. दुसऱ्याचं शेत काठावर राहिलं. पुढे द्रुतगती मार्ग झाला, बंगले आले, तंबूत राहायला पर्यटक येऊ लागले, जमिनीला सोन्याचा भाव आला. तिसऱ्या पिढीत एकाचा नातू जागेचा मालक आणि दुसऱ्याचा तिथलाच रखवालदार. दोघांच्या कष्टात फरक नव्हता. फरक सरकारी नकाशावरच्या एका रेघेचा होता. रक्कम एकदाच मिळते, जमीन दरवर्षी देत राहते. म्हणून ही दरी आपोआप रुंदावते.

९ ऑगस्ट २०११ ची बऊरची घटना याच पार्श्वभूमीवर बघा. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून शहराला न्यायला शेतकऱ्यांचा विरोध होता. पाणी नदीतून गेलं, तर काठच्या मोटारी चालतात. पाइपातून गेलं, तर आपल्या वाट्याला काय, ही भीती. द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. जुना हिशेब चुकता झाला नसेल, तर नव्या आश्वासनावर कोण विश्वास ठेवणार?

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटींपर्यंत मोबदला आला. खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आली. कुळं आणि शेतमजूरही ‘बाधित’ ठरले. ही मोठीच सुधारणा. पण चारपट झाली, तरी रक्कम एकदाचीच.

दुसरी वाट महाराष्ट्रानेच पाहिली आहे. नवी मुंबईत जानेवारी १९८४ च्या आंदोलनात माणसं गेली, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गरजेपोटी अनेकांनी तेही विकले, हे खरं. तरी तत्त्व महत्त्वाचं आहे : ज्याची जमीन गेली, त्याचा वाढत्या किमतीत वाटा.

म्हणून उद्या गावात प्रकल्प आला, की ‘भाव काय?’ एवढंच विचारू नका. ‘वीस वर्षांनी आमचा वाटा काय?’ हेही विचारा. आणि उत्तर लेखी घ्या.